शोकेसमधले माकड आणि पाठीवरच्या पोथ्या

गेल्या वर्षावासातील ही गोष्ट. आमच्या वसाहतीत वर्षावासाचे तीन महिने दर रविवारी एकेका उपासकाच्या घरी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. त्या रविवारी वाचन आटोपले, खिरीच्या वाट्या फिरल्या, मंडळी दाराशी चपला शोधू लागली, आणि त्या घरच्या आजींनी मला बाजूला बोलावून घेतले. वय ऐंशीच्या घरात, पण आवाज खणखणीत.

“भाऊ, तुमी कार्यकर्ते मानूस. तुमीच आता निवाडा करा. ह्ये माकड कशापायी बसवलंय तथागतांच्या शेजारी?”

मी शोकेसकडे पाहिले. वरच्या कप्प्यात तथागतांची पांढरी मूर्ती, तिच्या मागे बाबासाहेबांची तसबीर, आणि बाजूला वीतभर उंचीच्या चार रंगीत मूर्तींचा संच. पुढे काठी घेतलेले माकड, त्याच्यामागे पांढऱ्या घोड्यावर बसलेला एक गोरागोमटा भिक्खू, मग खांद्यावर दंताळे टाकलेला, पोट सुटलेला, डुकराच्या तोंडाचा एक इसम, आणि सर्वांत शेवटी कावड वाहणारा दाढीवाला. घरचे जावई जहाजावर फिटर आहेत. त्यांचे जहाज चीनमधल्या क्वांगचौ बंदराला लागले होते, तिथून त्यांनी ही भेट आणली होती.

“आई, ते शोभेचं आहे. आपण काय पूजा करतोय का त्याची?” मुलाने समजूत घातली.

“शोभेचं असंल. पन मी लगीन होऊन आले त्या साली माझ्या सासऱ्यानं घरातले समदे देव टोपल्यात भरून नदीत सोडले. दारानं घालवलेला मारुती आता शोकेसमधून परत यायचा का?”

एवढ्यात सातवीतला नातू मध्ये पडला. “आजी, हा मारुती नाही! हा सुन वूखोंग. आपला गोकू आहे ना, तोच!” आणि त्याने आपल्या खणातून केस ताठ उभे राहिलेला एक प्लॅस्टिकचा पुतळा काढून पुराव्यादाखल समोर धरला.

आजींचे समाधान झाले नाही. खरे तर माझेही झाले नाही. मी एका आठवड्याची मुदत मागून घेतली. कारकुनाला मुदत मागायची सवयच असते! पण त्या आठवड्यात ग्रंथालयात बसून जे वाचले त्याने मीच चकित झालो, आणि म्हणून ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

आपल्या घरांत शोकेस आली ती तशी अलीकडेच. एका खोलीच्या दोन झाल्या, सनमायकाचे कपाट आले, त्याला सरकत्या काचा आल्या, आणि मग त्या काचेमागे काय ठेवायचे हा प्रश्न आला. मुलीला वक्तृत्वात मिळालेली ढाल, आग्र्याचा ताजमहाल, लग्नात आलेले आणि कधीच न चाललेले घड्याळ. कित्येक घरांत तो पोट सुटलेला हसरा म्हाताराही असतो. त्याला आपण ‘लाफिंग बुद्ध’ म्हणतो, पण तो तथागत नव्हे. दहाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत चीनमध्ये खांद्यावर कापडी झोळी टाकून हिंडणारा बुदाई नावाचा एक भिक्खू होता. त्याच्याभोवती दंतकथा जमल्या आणि पुढे दुकानदारांनी त्याला पैसा आणणारा करून टाकले. पूजेला काय ठेवायचे याविषयी आपण कडक असतो. नुसते शोभेला काय ठेवायचे, याचा विचार मात्र कोणी करीत नाही. आजींनी तो केला.

शंभर प्रकरणांची कादंबरी

त्या चार मूर्ती एका कादंबरीतून बाहेर आलेल्या आहेत. तिचे नाव ‘शी यू ची’, म्हणजे ‘पश्चिमेचा प्रवास’. १५९२ साली चीनमधील नानजिंग शहरात ती छापली गेली. प्रकरणे शंभर. छापील प्रतीवर लेखकाचे नाव नव्हते. वू छंग-अन या लेखकाला तिचे श्रेय दिले जाते, पण सगळ्या अभ्यासकांना ते मान्य नाही. आता या नावातली ‘पश्चिम’ म्हणजे युरोप-अमेरिका नव्हे बरे का! चीनच्या पश्चिमेला असलेला बुद्धांचा देश, म्हणजे आपला भारत. थांग राजवटीतला एक भिक्खू बुद्धवचनांचे ग्रंथ आणायला भारताकडे निघतो. वाटेत राक्षस, मायावी बायका, पेटते डोंगर, पोहता न येणाऱ्या नद्या अशी ८१ संकटे येतात. भिक्खू घोड्यावर बसून रडतो, आणि त्याचे अद्भुत शिष्य त्याला त्यातून सोडवतात.

या शिष्यांची नावे ऐकण्यासारखी आहेत. माकड सुन वूखोंग. ‘वूखोंग’ म्हणजे शून्यतेचा बोध झालेला. हीच चिनी अक्षरे जपानी माणूस ‘गोकू’ अशी वाचतो. अकिरा तोरियामा या जपानी चित्रकथाकाराने १९८४ साली ‘ड्रॅगन बॉल’ सुरू केले, तेव्हा नायकाचे नाव, त्याची काठी आणि त्याचा उडता ढग या माकडावरूनच उचलला. म्हणजे नातवाचेच बरोबर होते! आपल्या पोरांच्या खणात पडलेल्या प्लॅस्टिकच्या पुतळ्याच्या नावात नागार्जुनांची शून्यता लपलेली आहे, हे मला तरी ठाऊक नव्हते. डुकराचे नाव बाज्ये, म्हणजे आठ नियम. आपण पौर्णिमेला अष्टशील घेतो, त्यातला आठ हा आकडा इथे आठवावा. हा गडी महाखादाड. खाण्यावर काही बंधन राहावे म्हणून गुरूने हे नाव दिले, आणि त्याचा फारसा उपयोग झाला नाही. तिसरा शा वूजिंग. ‘शा’ म्हणजे वाळू. त्याची हकिकत पुढे येईलच.

माकडाची सुरुवातीची गोष्ट मात्र आपल्या माणसाला सरळ जाऊन भिडावी अशी आहे. स्वर्गाचा राजा त्याला बोलावून नोकरी देतो. माकड मन लावून काम करते. घोडे धष्टपुष्ट होतात. मग एक दिवस ते सोबत्यांना सहज विचारते, की माझ्या या हुद्द्याची श्रेणी कोणती? सोबती हसून सांगतात, याला श्रेणीच नाही, तबेल्यातले हे सर्वांत खालचे काम आहे. माकड संतापून राजीनामा देते आणि ‘स्वर्गाच्या बरोबरीचा महात्मा’ अशी पदवी स्वतःच लावून घेते. पुढे स्वर्गात मोठी मेजवानी ठरते आणि पाहुण्यांच्या यादीत त्याचे नाव नसते. तेव्हा जे बंड होते, त्यात सारा स्वर्ग उलटापालटा होतो. पंक्तीत बसू न देणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. चीनमध्ये विसाव्या शतकात या प्रसंगावर ‘स्वर्गातला गोंधळ’ नावाचे कार्टून चित्र निघाले, १९६१ आणि १९६४ अशा दोन भागांत. लोकांना ते फार आवडले.

पण ही कादंबरी म्हणजे धम्मग्रंथ आहे, असे कोणी समजू नये. शेवटी ही मंडळी गृध्रकूटावर पोहोचतात, तेव्हा ग्रंथ देण्यापूर्वी आनंद आणि काश्यप त्यांच्याकडे चिरीमिरी मागतात! ती मिळत नाही म्हणून कोऱ्या पोथ्या हातात ठेवतात. अखेर भिक्खू आपले भिक्षापात्र देतो, तेव्हा कुठे लिहिलेल्या पोथ्या मिळतात. आपल्या वाचकांना हे खटकेल. मलाही खटकले. लेखकाला आपल्या काळातल्या कचेऱ्यांची टर उडवायची होती आणि त्यासाठी त्याने तथागतांच्या शिष्यांना वेठीला धरले, असे माझे मत झाले.

खरा प्रवासी

आता घोड्यावरच्या त्या रडक्या भिक्खूकडे येऊ. तो काल्पनिक नाही. शाळेत इतिहासाच्या पुस्तकात आपण ‘ह्युएन त्संग’ किंवा ‘युआन श्वांग’ हे नाव पाठ केले, तोच हा. त्याच्यावर दोन ओळी असत, आणि हर्षवर्धनाच्या दरबारात आला एवढे लिहिले की एक मार्क मिळे.

युआन श्वांग इ. स. ६२९ च्या सुमारास चीनमधून निघाले, तेव्हा देशाबाहेर जायला बंदी होती. राजाज्ञा मोडून, लपतछपत ते सरहद्दीवर आले. एक वाटाड्या मिळाला. त्याने रात्री तलवार उपसली, म्हणून त्याला परत पाठवावे लागले. पुढे ओसाड वाळवंट, एकटा माणूस आणि एक म्हातारा तांबडा घोडा. पाण्याची पखाल हातातून निसटली आणि सगळे पाणी वाळूत सांडले. ते मागे वळले, थोडे अंतर गेले, आणि भारतात पोहोचल्याशिवाय परत फिरणार नाही हा आपला शब्द आठवून पुन्हा पश्चिमेला निघाले. पाच दिवस आणि चार रात्री पाण्याचा थेंब नाही. शेवटी त्या म्हाताऱ्या घोड्याला वाट ठाऊक होती, त्यानेच त्यांना पाण्याशी नेले. हे सारे त्यांच्या शिष्यांनी लिहिलेल्या चरित्रात आहे. पुढे एका राजाने त्यांना गुरू म्हणून ठेवून घ्यायचे ठरवले आणि सोडीना, तेव्हा या माणसाने अन्नपाणी सोडले. तीन दिवसांनी राजा नमला.

मग नालंदा. तिथे वृद्ध आचार्य शीलभद्रांच्या हाताखाली शिक्षण. सोळा वर्षांनी, ६४५ साली, ते चीनला परतले ते वीस घोड्यांवर लादलेले ६५७ ग्रंथ घेऊन. शिवाय सोन्याच्या, चांदीच्या आणि चंदनाच्या सात बुद्धमूर्ती. त्यांतली एक कौशांबीच्या उदयन राजाने घडवल्याचे मानतात त्या मूर्तीची चंदनी प्रतिकृती होती. येताना सिंधू नदीत वादळ उठून सुमारे पन्नास पोथ्या वाहून गेल्या, त्यांच्या नकला मिळवण्यासाठी ते नदीकाठी थांबून राहिले. उरलेले आयुष्य, ६६४ साली मृत्यू येईपर्यंत, भाषांतरात गेले. सुमारे ७५ ग्रंथ त्यांनी चिनी भाषेत आणले. भारतात पुढे मूळ पोथ्या नष्ट झालेल्या कित्येक ग्रंथांचा ठावठिकाणा या भाषांतरांमुळे लागतो.

हा माणूस रडका होता काय?

माणसाची कादंबरी कशी झाली

एकदम झाली नाही. पहिल्या धाग्यांची टोके तर खुद्द त्यांच्या चरित्रातच आहेत. वाळवंटात तहानेने ग्लानी आली असता एक प्रचंड पुरुष स्वप्नात येऊन ‘पडून काय राहिलास, चालू लाग’ असे खडसावतो, असा तिथे प्रसंग आहे. हा वाळूतला पुरुष पुढे कथेकऱ्यांच्या तोंडी राक्षस झाला, आधीच्या जन्मी यात्रेकरूंना खाणारा. तोच आपला तिसरा शिष्य शा वूजिंग. त्याच्या गळ्यात नऊ कवट्यांची माळ असते, ती त्या खाल्लेल्या प्रवाशांची. कादंबरीत त्या कवट्यांची होडी करून नदी ओलांडतात आणि मग त्या नाहीशा होतात. पण मूर्तिकारांनी माळ काही सोडली नाही. आपल्या शोकेसमधल्या दाढीवाल्याच्या गळ्यात मोठमोठे मणी आहेत ना, ते मूळचे हेच!

माकड नंतर आले. चीनच्या वायव्येला युलिन इथल्या लेण्यांत भिक्खू, घोडा आणि माकडतोंड्या सेवक अशी भित्तिचित्रे आहेत. छ्वानचौ शहरातल्या तेराव्या शतकातल्या दगडी मनोऱ्यावर तलवार घेतलेला माकडतोंड्या वीर कोरलेला आहे. साधारण त्याच काळातली एक छापील गोष्टही मिळते, तिच्यात माकड भिक्खूच्या सोबतीला येते. आणि घरातली वस्तू म्हणाल तर क्वांगचौच्या संग्रहालयात युआन राजवटीच्या काळातली एक उशी आहे. उशी भाजलेल्या मातीची. उन्हाळ्यात गार लागते म्हणून तिकडे अशा उशा वापरीत. तिच्यावर काळ्या रंगात ही चौकडी काढलेली आहे. पुढे काठीवाले माकड, मग दंताळेवाले डुक्कर, घोड्यावर भिक्खू, मागून छत्र धरलेला चौथा. युआन राजवट १३६८ साली संपली. म्हणजे कादंबरी छापली जाण्याच्या दोनशेहून अधिक वर्षे आधी ही मंडळी कोणाच्या तरी घरात, थेट डोक्याखाली, पोहोचली होती! बाजारात कथा सांगणारे, नाटकवाले आणि कुंभार यांनी मिळून ही गोष्ट वाढवली. कादंबरीकाराने नंतर ती बांधून काढली.

तिथून पुढे मात्र कादंबरी आणि नाटक यांनीच मूर्तीला साचा दिला. क्वांगचौजवळ फोशान नावाचे शहर आहे. त्यातला शिवान हा भाग कुंभारांचा. तिथली नानफंग भट्टी सुमारे पाचशे वर्षे पेटती आहे असे सांगतात. देवळांच्या छपरांवर नाटकांतल्या प्रसंगांच्या मूर्तींच्या रांगा बसवायच्या, हा तिथल्या कारागिरांचा मोठा धंदा. त्याच हातांनी घरात ठेवायच्या लहान मूर्तीही केल्या. शिवानची खूण अशी, की कपड्यांना जाड रंगीत झिलई देतात, पण चेहरा आणि हात कोरेच ठेवतात, भाजलेली माती तशीच दिसू देतात. मी आजींच्या शोकेसमधल्या माकडाच्या अंगरख्यावरून बोट फिरवले, तर काचेसारखे गुळगुळीत. गालावरून फिरवले, तर खरखरीत. मूर्ती आतून पोकळ, बुडाला भोक. ते नसेल तर आत कोंडलेली हवा भट्टीत मूर्ती फोडते. आणि माकडाची काठी वेगळी, तारेची, मुठीत खोचलेली, कारण मातीची एवढी बारीक काठी टिकणार नाही.

वूशी शहराजवळच्या हुईशान डोंगराच्या पायथ्याचे शेतकरी, शेतीचे काम नसेल त्या दिवसांत, भाताच्या खाचरांखालची काळी माती काढून बाहुल्या करीत. आपल्याकडे कुंभार पोळ्याचे बैल करतात, तसेच हे. साच्यातला माल स्वस्त, गरिबांच्या मुलांसाठी. हाताने घडवलेले नाटकातले प्रसंग महाग, पैसेवाल्यांच्या दिवाणखान्यासाठी. जत्रांतून रंगीत पिठाचे माकड काडीवर करून देणारेही असत. पोरगे खेळून खेळून ते मोडून टाकी.

मग आली दूरदर्शन मालिका, १९८६ साली, २५ भागांची. माकडाची भूमिका ज्याने केली तो नट पिढ्यान्‌पिढ्या माकडाचीच सोंगे करणाऱ्या घराण्यातला. त्या मालिकेनंतर लोकांच्या डोळ्यांपुढे माकड म्हटले की तोच चेहरा येऊ लागला. आता दगडाची पूड घातलेल्या राळेच्या मूर्ती रबरी साच्यांतून हजारांनी निघतात. २०२४ च्या ऑगस्टमध्ये याच माकडावरचा एक संगणकीय खेळ जगभर गाजला, त्याच्या महागड्या पेटीतसुद्धा माकडाची मूर्ती होती. भिक्खू त्या पेटीत नव्हता.

खरेदी करणाऱ्याने एक पाहावे. माकडाच्या मूर्ती दोन तऱ्हांच्या मिळतात. एकीत चिलखत आणि डोक्यावर लांब पिसांचा मुकुट, ते स्वर्गाशी बंड करणारे माकड. दुसरीत वाघाच्या कातड्याचे वस्त्र आणि कपाळावर सोनेरी कडे. ते कडे गुरूने मंत्र म्हटला की आवळते आणि माकड कळवळते, म्हणजे हे वठणीवर आणलेले माकड. आजींकडचे कड्याचे आहे. मला विचाराल तर पिसांचे बरे.

मूळ गोष्ट राहिली ती ओझ्याची. कादंबरीत सामानाची कावड बहुतेक वेळा डुक्कर वाहते, आणि वाहताना कुरकुरते. मालिकेत ती शा वूजिंगच्या खांद्यावर आहे, आणि आता बाजारातल्या संचांतही बहुधा त्याच्याच. ओझे या खांद्यावरून त्या खांद्यावर गेले. भिक्खूचे हात मात्र सगळीकडे रिकामे.

टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात युआन श्वांगांचे एक जुने चित्र आहे, चौदाव्या शतकातले. त्यात माकड नाही, घोडा नाही. माणूस पायी चालला आहे. पाठीवर एक उंच चौकट, तिच्यात पोथ्यांच्या गुंडाळ्या रचलेल्या, चौकटीचा वरचा भाग छत्रीसारखा डोक्यावर आलेला. चित्र त्यांच्यानंतर सातशे वर्षांचे, तेव्हा तेही कल्पनेचेच म्हणावे लागेल. आणि खरे युआन श्वांग सगळे ग्रंथ काही पाठीवरून घेऊन गेले नाहीत, वीस घोडे होते हे मी वर सांगितलेच. परतताना हर्षाने हत्तीही दिला होता. तरीपण दोन कल्पनांत फरक आहे. एका कल्पनेने ज्ञान माणसाच्या पाठीवर दिले. दुसरीने त्याला घोड्यावर बसवले, ओझे नोकराला दिले, आणि पराक्रम माकडाला. नालंदा इथे युआन श्वांगांचे स्मारक आहे. तिथल्या पुतळ्याच्या पाठीवर ती चौकट आहे. शिआन शहरात त्यांच्या स्तूपासमोरच्या चौकातला पुतळाही हातात दंड घेऊन पायी चाललेला आहे.

पुढच्या रविवारी मी आजींना हे सगळे सांगितले. त्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला, “म्हंजे मारुती न्हाई ना?”

मी म्हणालो, “आजी, यावर विद्वानांचंच एकमत नाही. हू शी नावाचे चीनचे मोठे पंडित होते. आपले बाबासाहेब अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकत होते ना, १९१३ ते १९१६, त्यातल्या शेवटच्या वर्षात हेही तिथं होते. दोघंही प्राध्यापक ड्यूई यांचे विद्यार्थी. ते म्हणायचे, हे माकड भारतातल्या हनुमानाच्या कथेवरून आलं. आणि लू शून नावाचे तेवढेच मोठे लेखक म्हणायचे, छे, हा आमच्याकडच्या एका जुन्या जलराक्षसाचा अवतार. आणि खोटं कशाला सांगू, फूचिअन, हाँगकाँग, सिंगापूरकडं याची देवळंसुद्धा आहेत. पण तुमच्याकडं आलाय तो गोष्टीतला.”

“गोष्टीतला असंल तर गोष्टीच्या जागी ऱ्हाऊ द्या,” आजी म्हणाल्या. “आन तो भंते आपल्याकडं आला व्हता का?”

आले होते. इ. स. ६४१ च्या सुमारास, पुलकेशीच्या राज्यात. आपल्या मुलखाला त्यांनी महाराष्ट्र याच नावाने नोंदवले आहे. लोक साधे, सचोटीचे, उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, असे लिहिले. शंभरांहून अधिक विहार, पाच हजार भिक्खू. आणि पूर्वेच्या डोंगरात खडकात कोरलेला एक विहार, दाराशी दोन बाजूंना दगडी हत्ती. अभ्यासक म्हणतात हे अजिंठा. पण त्याच वर्णनात सत्तर फुटांची बुद्धमूर्ती आणि तिच्यावर आधाराविना तरंगणारी सात छत्रे आहेत, हत्ती मधूनच गर्जना करतात आणि जमीन हादरते असेही ऐकीव लिहिले आहे. एवढी उंच मूर्ती अजिंठ्याला नाही. थोडक्यात, अद्भुताची हौस खऱ्या प्रवाशालाही सुटली नव्हती.

आजींचे माहेर अजिंठ्याच्या पायथ्याचे. त्या म्हणाल्या, “ते हत्ती म्या पाह्यलेत. ल्हानपनी त्यांच्यावर हात फिरवलाय. गर्जना काही ऐकली न्हाई.”

मग त्यांनी सुनेला स्टूल आणायला लावले आणि संच तथागतांच्या कप्प्यातून काढून खालच्या कप्प्यात, नातवाच्या पुस्तकांशेजारी ठेवायला लावला. ठेवताना क्रम बदलला. भिक्खू पुढे, माकड त्याच्यामागे. जावयाने आणलेली वस्तू, टाकायची नाही. पण पाठीवर पोथ्या घेतलेला, पायी चालणारा भिक्खू मिळाला तर आणा, असे मला बजावले. मी आमच्या इकडच्या चार-पाच दुकानांत विचारले. माकड आहे, ड्रॅगन आहे, तीन पायांचा बेडूक आहे. तो भिक्खू नाही.

आता नातवाने तो शाडूच्या मातीत करायला घेतला आहे. खराट्याच्या काड्यांची चौकट केली, वहीच्या कागदाच्या गुंडाळ्या करून तिच्यात बसवल्या. पहिली मूर्ती ओली असतानाच मागे कलंडली, ओझे पाठीवर आणि पाय बारीक. दुसरी वाळताना घोट्यात तडकली. तिसऱ्या वेळी मी त्याला टोकियोच्या चित्राची झेरॉक्स नेऊन दिली. त्याने ती बराच वेळ पाहिली आणि म्हणाला, “काका, याला पुढे थोडं वाकवायला पाहिजे. आणि हातात काठी द्यायला पाहिजे, तारेची.” परवा गेलो तेव्हा ती टीव्हीच्या मागे वाळत ठेवली होती. नाक जरा मोठे झाले आहे. पण उभी आहे.